एफ-नाइन सोडून कुठलंही

नाही, पण मी मागितलं काय होतं? एक बटण. दागिना नाही, कपाट नाही, खिडकीजवळची खुर्चीसुद्धा नाही, कारण ती बाबांची, म्हणजे सासऱ्यांची. नव्या सुनेनं घरातला चमचाही आपल्या सोयीनं हलवू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण एकदा मी चहाचा डबा खालच्या फळीवर ठेवला, तर आई, म्हणजे सासूबाई, डबा नाकासमोर असताना वरच्या फळीवर हात फिरवत म्हणाल्या, “चहा संपला वाटतं...” समजलं मला.

तर बटण. तुम्हाला सांगते, दुकानदारांनी बिलं करायचं एक सॉफ्टवेअर आहे, ते कसं वापरायचं याची पुस्तिका मी लिहिते. इथे क्लिक करा, खाली चित्र. तिथे क्लिक करा, खाली चित्र. म्हणजे दिवसभर स्क्रीनशॉट. आणि घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तो घ्यायचा तर तीन बटणं एकदम दाबायची, दोन डावीकडे, एक पार उजव्या कोपऱ्यात, त्यासाठी माउसवरचा हात उचलायचा, तोवर उघडलेला मेनू मिटलेला... संध्याकाळी कपबशी उचलली तरी करंगळी आपली वेगळ्याच दिशेला.

नवरा म्हणाला, “मग बदलून घे की. सेटिंगमध्ये जा, हवं ते बटण दे, झालं.”

हवं ते! एफ-फाइव्ह ह्याच्या गाण्यांना, एफ-सिक्स आईंचे विणकामाचे व्हिडिओ थांबवायला, एफ-सेव्हन तेच मागे न्यायला, एफ-एट अक्षरं मोठी करायला... खोल्या वाटून घ्याव्यात तशी सगळी बटणं वाटून झालेली. उरलं एफ-नाइन.

“हे कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

घेतलं. एक बोट, टक, चित्र थेट माझ्या फोल्डरमध्ये. सासरी आल्यापासून माझं म्हणावं असं पहिलंच काहीतरी.

आणि त्याच आठवड्यात बाबा हरायला लागले.

बाबा रोज दुपारी, मी जेवायला उठले की, कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. आणि जिंकतात. रोज. मग शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना फोन, “आज पण लोळवला. मशीन झालं म्हणून काय झालं, डोकं लागतं हो.” आता तो फोन बंद. जेवताना मान खाली. आई म्हणाल्या, “अहो, खेळच तो,” तर बाबा आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाले, “ही आल्यापासून तो कॉम्प्युटर हुशार झालाय.”

मी काय केलं हो? एक बटण तर घेतलं.

मग ऑफिसातून मॅडमचा फोन. “पुस्तिका छान झालीय, पण ‘ग्राहकाचं नाव लिहा’ याच्याखाली हा घोडा कशाला?”

कसला घोडा? फोल्डर उघडला. बिल, बिल, बिल, बुद्धिबळाचा पट. पट, पट, पट, तोच पट, एका दमात सहा वेळा... आणि प्रत्येकात बाबांचा वजीर नुकताच गेलेला. दाबलंय, काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलंय, नंतर नंतर तर ठोसेच मारले असणार, चित्रात ते दिसत नाहीत एवढंच. त्या खेळात जाऊन कुठलं बटण कशाला ते वाचलं. एफ-नाइन: चाल मागे घ्या.

म्हणजे इतकी वर्षं... मशीनला... लोळवला... बरं.

आता सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर तो ताटावरच हसणार. आईंना सांगावं तर संध्याकाळपर्यंत पोस्टमास्तरीणबाईंना कळणार, आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा पुन्हा कुठल्या तोंडानं बसणार? मी सगळे पट पुसून टाकले, सेटिंगमध्ये गेले आणि एफ-नाइन सोडून दिलं. मॅडमना म्हटलं, घोडा चुकून आत आला. चुकूनच आला होता बिचारा.

दुसऱ्या दुपारी बाहेरच्या खोलीतून आवाज, “लोळवला! नाही हो, मध्ये जरा हात बसत नव्हता.” रात्री दोनदा भात मागून घेतला. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच खेळून जिंकले.

आणि काल, मी आपली परत तीन बोटांची कसरत करत बसलेली, तर बाबा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

“सूनबाई, बोटं मोडतील अशानं. एखादं बटण करून घे की. कुठलंही घे. संकोच कसला, घर तुझंच आहे.”

घर तुझंच आहे. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. बाबा वळले, दारापर्यंत गेले, तिथून परत आले.

“एफ-नाइन तेवढं नको. ते मध्येमध्ये बिघडतं.”

“हो बाबा,” मी म्हटलं, “मलाही तसंच वाटलं.”

तर असं आहे. मी मागितलं होतं एक बटण. मिळालं अख्खं घर, ते एक बटण सोडून.