घरात जिना नसताना केलेल्या जिना-वायरिंगबाबत

नाव : नंदिनी फकिरा वलथरे, वय २० वर्षे, धंदा : शिक्षण, आयटीआय इलेक्ट्रिशियन ट्रेड, दुसरे वर्ष, रा. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई यशोदाबाई व वडिलांसोबत राहते. वडील तलावावर मासेमारी करतात. घराच्या दुसऱ्या अर्ध्यात माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, गिरजाबाई राहते. अंगण एकच आहे. वाटणी झाल्यापासून आई व मोठी आई एकमेकींशी बोलत नाहीत. माझ्याशी दोघी बोलतात.

उद्या माझी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. पास झाले तर अप्रेंटिसशिप, त्यानंतर तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना. परीक्षेत जिना-वायरिंग येते. एक दिवा, दोन बटणे. एक जिन्याखाली, एक वर. दिवा कुठूनही लागतो, कुठूनही विझतो. हाताला सवय व्हावी म्हणून मी ते घरी करायचे ठरवले. आमच्या घराला जिना नाही. म्हणून अंगण घेतले.

रविवारी मेन स्विच बंद केला, टेस्टरने तपासले आणि काम केले. एक बटण आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दुसरे मोठ्या आईच्या सपरीत. करंट आमच्या मीटरचा आहे. "अंगणातला दिवा तुह्या बटनावर हाय," असे मी दोघींना वेगवेगळे सांगितले. दुसरे बटण आहे हे सांगितले नाही. सांगितले असते तर दोघींनीही भिंतीला हात लावू दिला नसता.

संध्याकाळी आईने दिवा लावला. मोठ्या आईने विझवला. आईने लावला. हे बराच वेळ चालले. मग मोठी आई अंगणात येऊन दिव्याला म्हणाली, "तुले कोन शिकवून राहिलं, मले समजते." आई मोठ्या आईच्या कोंबडीला म्हणाली, "तुह्या मालकिणीले सांग, दुसऱ्याच्या दिव्यावर डोळा नोको ठेवू." मी आत उशीवर तोंड दाबून हसत होते, हे खरे आहे. माझे कनेक्शन पहिल्याच वेळी बरोबर आले होते. मला दुसरे काही सुचत नव्हते.

आज सकाळी मोठ्या आईने तक्रार दिली की, माझ्या आईने दिव्यावर करणी केली. जमादार भुपेंद्र साहेब चौकशीला घरी आले. आईवर गुन्हा दाखल झाला तर मी परीक्षेला बसणार नाही, असे मी रडत त्यांना सांगितले व दोन्ही बटणे दाखवली.

साहेब म्हणाले, "थांब. मी इकडं, तू तिकडं." त्यांनी दिवा लावला. मी विझवला. ते म्हणाले, "अरे बापा! पुन्हा कर." मग मोठ्या आईने त्यांना बाजूला सारले. "माह्या सपरीत माहा नंबर!" समोरून आईने माझा हात बटणावरून काढला.

"लावला म्या!"

"म्या विझवला!"

"अवं बाई, जरा जळू तं दे!"

"तूच लाव ना मंग!"

हे बोलणे थेट झाले. मध्ये कोंबडी नव्हती. गल्लीतले लोक नंबर लावायला आले, परंतु दोघींनी कोणालाही बटण दिले नाही.

मोठ्या आईने तक्रार नाही असे साहेबांना सांगितले. वायरिंग काढू का, असे मी विचारले असता दोघी एकदमच माझ्यावर ओरडल्या. मग साहेबांनी मला जबाब द्यायला पुढे ठाण्यात पाठवले.

जबाब चालू असताना आईचा फोन आला. उद्याचा डबा कोण देणार यावरून तिथे वाद चालू आहे. भाजी मोठ्या आईची, पोळ्या आईच्या, इथवर ठरले आहे. जमादार साहेब निघाले का, असे मी विचारले. आई म्हणाली, निघाले होते, फाटकातून परत आले, "एक डाव" म्हणत आहेत.

मला सकाळची पहिली एसटी पकडायची आहे, तरी मोकळे करावे. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. वाचताना हवालदार सरिता मॅडम हसून मध्येच थांबल्या. त्यात माझा हात नाही.