खुर्चीखालची टाकी

दातांच्या दवाखान्यात ठणकता गाल धरून बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारच्या सासऱ्या-सुनेचं बोलणं पडत होतं. विषय कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या अंतराळयानाचा होता.

"हायड्रोजनची एकच मोठी टाकी मधोमध बसवली की झालं, असं मला वाटायचं."

"आणि तिला एक दगड लागला की यानासकट तुम्हीही गेलात, बाबा. म्हणून तर मी लहान लहान टाक्या लांब लांब बसवल्या."

"काल घोळ मीच घातला. भरताना सगळ्या टाक्या 'फक्त साठवा'वर लावल्या आणि तसाच उडालो. टाक्या गच्च, पण इंजिनाला थेंब नाही! खाली डोंगर. म्हटलं, संपलं. तेवढ्यात इंजिन पुन्हा पेटलं की!"

"यानातल्या तुमच्या खुर्चीखाली एक वेगळी टाकी आहे. बाकीच्या बंद पडल्या की आपोआप सुरू होते."

"धन्य आहेस बाई तू! पण मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं, तर तीही तुम्ही 'फक्त साठवा'वर लावली असती."

तेवढ्यात बाईंचा नंबर पुकारला. दारापाशी जाऊन त्या मागे वळल्या.

"अहो, पण तेवढ्याशा टाकीवर घरी पोचलात का?"

"छे हो! डोंगरावर उतरून बसलोय. सूनबाई न्यायला येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."