दोन भाषांमधली भागू

(दौंड स्टेशन, १९७७. बारामतीच्या छोट्या गाडीतली पोती मोठ्या मालगाडीत चढवून भागुबाई भाकरी खायला बसलीय. शेजारी लेक ललिता, मांडीवर कार्डांची पेटी. लेकीची मुंबईची गाडी यायचीय.)

भागुबाई : आन् ह्या भोकाच्या पुठ्ठ्यांवरनं मशीन हिशेब करतं?

ललिता : व्हय आये. कुठल्या गावाला कालव्याचं पाणी कवा, किती. पाण्याचं गणित फोरट्रान भाषेत, गावांच्या याद्या कोबॉल भाषेत.

भागुबाई : दोन भाषा कशापायी?

ललिता : एकीला गणित येतं, दुसरीला कारकुनी. गावं कळल्याबिगर गणित न्हाई, गणिताबिगर यादी न्हाई. आन् एकीचं बोलणं दुसरीला कळत न्हाई.

भागुबाई : मंग?

ललिता : मधी मी लिहिलेला तुकडा. पार मशीनच्या बोलीत. इकडचं उचलायचं, तिकडं नीट ठेवायचं.

भागुबाई : माझ्यावानीच की. छोट्या गाडीतलं पोतं मोठ्या गाडीत.

ललिता : म्हणून तर त्याचं नाव भागू ठेवलंय.

भागुबाई : माझं? मशीनला ठावं हाय मी?

ललिता : दोन्ही प्रोग्रामांत लिहावंच लागतं, 'कॉल भागू'. भागूला बोलवा. भागू सापडली न्हाई तर मशीन दोघांना जोडतच न्हाई.

भागुबाई : आगं बया! आन् लिहितं कोन?

ललिता : फोरट्रानचे साहेब. आन् कोबॉलवाला मच्छिंद्र, आमचा म्होरक्या. शिरूरच्या बबनरावांचा.

भागुबाई : ज्यांच्या दारात मला वरनं पानी वतायचे, त्यांचा?

ललिता : त्यांचाच. काल भडकला. म्हणाला, हे नाव काढ, न्हाईतर तुलाच काढतो.

भागुबाई : काढ पोरी. नावाचं काय घिऊन बसलीस? नोकरी ऱ्हाऊ दे.

ललिता : काढलं तर दोघांचीबी कार्डं नव्यानं पाडायची. मशीन उद्याच मिळणार. उद्या न्हाई चाललं तर त्याचंच नाक कापलं जातंय. म्हणून गप हाय.

भागुबाई : आन् परवा?

ललिता : परवा काढील मला. काढू दे. तुकडा तिथंच ऱ्हाईल. यादी छापायची म्हटलं की त्याला भागू लागणारच.

भागुबाई : लहान व्हता तवा बापाचं ऐकून त्योबी 'ए भागे' म्हनायचा. मशीनमधी म्होरं 'ए' लावत्यात?

ललिता : न्हाई. लावला तर मशीन घेतच न्हाई.

भागुबाई : मंग नगं काढूस.