कोंडवाड्यातला बिनमालकाचा गोऱ्हा

आईची आण, हा किस्सा शब्द न् शब्द खरा आहे. आता थोडं मीठमिरची लावणं हा सांगणाऱ्याचा हक्कच असतो म्हणा.

आमच्या आणि शेजारच्या गावात मिळून एकच कोंडवाडा. जनावर ज्या गावचं, त्याचा चारा त्या ग्रामपंचायतीनं द्यायचा. एकदा तिथं एक मोकाट गोऱ्हा आला, बिनमालकाचा. दोन्ही गावं म्हणत, "तुमचाच हाय!" आणि तो उपाशी.

शेवटी ठरलं, फाटक उघडायचं. गोऱ्हा ज्या गावाकडे जाईल, चारा त्यांचा.

गोऱ्हा निघाला शेजारच्या गावाकडे. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण तिकडच्यांनी दुपट्टे फिरवून त्याला हाकललं. आमच्याकडे वळला, तर आमच्यांनी काठ्या आपटल्या. बिचारा मधोमध उभा राहिला.

तेवढ्यात आमच्या सरपंचबाई पुढे झाल्या. "काहून हाकलून राह्यले रे त्याले? पोळ्याले बैलाच्या पाया पडता, अन् आज काठ्या दाखवता? आजपासून हा आमचा. चारा आमची पंचायत देईन!"

शेजारचे सरपंच वरमले. "बाई, आर्धा खर्च आमच्याकडं लावा."

"आता वाटा नाई भेटत!"

काय सांगू, आमच्या गावाची मान अशी उंच झाली! आणि त्या गोऱ्ह्यानं चक्क बाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

बरं, ते डोकं ठेवणं ही माझी मीठमिरची. खरं तर तो बाईंचा नवा पदर चावत होता, आणि बाई म्हणत होत्या, "खाऊ द्या रे, चारा येईस्तोवर."