पानं वाढल्याची हाक

पिराजी : बस रं जयसिंगा. शिव्या मागनं दे चुलत्याला. आदी एक गोष्ट सांगतो, ती ऐक.

जयसिंग : तात्या, गोष्टी ऐकाया येळ कुटं हाय? धरणाचं पानी वाड्याच्या कुडाला लागलंय. उद्या तांबडं फुटायला आमी मेंढरं घिऊन देशाकडं निघनार. परत न्हाई यायचं.

पिराजी : ठावं हाय. म्हनून तर आजच ऐक. हैबतराव पाटलाच्या घरी लगीन व्हतं. सकाळी न्हाव्यानं घरोघर आवतान दिलं. आपल्या वाड्यावरच्या कुशाबानं अक्षता घेतल्या, मिशीला पीळ भरला. सांजंला न्हावी फिरून हाक द्याया आला, "पानं वाढली, चला!" ती हाक आल्याबिगर आपल्यात कोन उठतंय?

जयसिंग : कोन न्हाई.

पिराजी : कुशाबा म्हनला, "व्हा फुडं, आलोच." आन बसला चिलीम वढत. गेलाच न्हाई गडी. उपाशी झोपला, आन सकाळी गावभर सांगतोय, "मला आवतान व्हतं!"

जयसिंग : (हसून) कुशाबा तसलाच. पर त्याचं हितं काय?

पिराजी : पाद्रीबाबानं मला बाप्तिस्मा दिला, त्ये सकाळचं आवतान. पानं वाढल्याची प्रभूची हाक रोज येती, बाबा. रोज उठावं लागतं. कवा मेंढरं आडवी येत्यात, कवा आळस, कवा राग. काल उठलो म्हनून आज भागत न्हाई.

जयसिंग : मग उठा की! आमच्या दारात रोज सांजंला "दादा, जेवाया चल" म्हून कशाला वरडता? तुमी किरिस्ताव झाला, तवाच आबानं सख्ख्या भावासंगं पंगत मोडली. लोकं हसत्यात आमाला. हेच सांगाया आलोय, आता बास करा.

पिराजी : मी उठतो, तर कानावर प्रभूचं येकच येतं, भावाला संगं आन. एकटाच जाऊन बसू व्हय पानावर?

चिमाबाई : (पिराजीची बायको, चुलीपासून) आन भावाचं ताट रोज मांडून ठिवायचं. त्यातली शिळी भाकर सकाळी मी चावायची. दात हालाया लागलं माजं.

पिराजी : गप गं. जयसिंगा, आज तर मी आलोच न्हाई तुमच्या दारात. दुपारी धोंड्यावरनं पडलो, गुडगा बघ कसा सुजलाय. आज हाक न्हाई, काय न्हाई. मग तू कशाला आलास?

चिमाबाई : खरं सांग की रं.

जयसिंग : आबा मगाधरनं वट्यावर बसल्यात. आईनं जेवाया बोलीवलं, उठंनात. म्हनले, "पिऱ्या आज कसा वरडला न्हाई? जा, बघून ये. मी धाडलं म्हनू नगंस."

पिराजी : पिऱ्या म्हनला?

जयसिंग : व्हय.

पिराजी : लई वर्सं झाली रं, त्यानं माजं नाव घिऊन... चिमे, ताट पूस.

चिमाबाई : पुसलंय कवाच.

पिराजी : मग आज हाक तू घिऊन जा, जयसिंगा. म्हनावं, पिऱ्याला चालवत न्हाई, पर पानं वाढल्यात.

जयसिंग : आन न्हाई आले तर?

पिराजी : तर काकी हाय की तुजी, सकाळी शिळी भाकर चावाया. जा आता. आन जाता जाता त्यो पान्याचा तांब्या उंबऱ्याभाईर ठिव. दादा पाय धुतल्याबिगर कुनाच्या घरात शिरत न्हाई.