धाकटीचे चंदेरी दांडे

आदरणीय अध्यक्ष महाराज, त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळाकडे बघणारे सचिव साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आपले जुने प्रशिक्षक, मंचावरची इतर मान्यवर मंडळी, समोरचे सभासद, गवत कापणारे, चेंडू वेचणारे, स्वयंपाकघरातून हात पुसत दारात येऊन उभे राहिलेले आमचे जुने सोबती, आमच्या दोन्ही घरांतली लेकरं-बाळं, आणि आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या धाकट्या जाऊबाई, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्या हातात कागद नाही. मला वाचता येत नाही, हे इथे कुणाला नव्याने सांगायला नको. हे भाषण मी तोंडी सांगितलं, नातीनं लिहून घेतलं, पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं आणि मी पाठ केलं. मधूनच ती म्हणायची, "आजी, एवढं काढून टाकूया का गं?" तिनं जे जे काढूया म्हटलं, ते ते सगळं मी ठेवलंय.

निरोपाच्या सभेत माणसाचं चांगलं तेवढंच बोलायचं असतं, असं सचिव साहेबांनी मला सकाळी दोनदा समजावलं. बरं, चांगल्यापासूनच सुरुवात करू. आमचे हे आणि भावजी, दोघे भाऊ या गोल्फच्या मैदानावर गवत कापायला होते. आम्ही दोघी जावा मागच्या बाजूला, चेंडू धुण्याच्या खोलीत. सरावाचे चेंडू टोपल्या भरभरून यायचे, चिखलाने माखलेले. साबणाच्या पाण्यात हात घालून घालून आमची बोटं अशी सुरकुतायची की आम्ही तरुणपणीच म्हाताऱ्या दिसायचो. आता निदान बोटांना वयाची जोड मिळाली.

त्या खोलीच्या एका कोपऱ्यात सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्या पडायच्या. कुणी नवीन संच घेतला की जुना आमच्या कोपऱ्यात. एके दिवशी पाऊसपाण्याने मैदान बंद होतं, आणि या आमच्या धाकट्या जाऊबाईंनी एक काठी उचलली, पदर खोचला आणि खोलीतल्या खोलीत चेंडू हाणला. चेंडू कुठे जावा? थेट साबणाच्या बादलीत! मी नखशिखान्त भिजले. हसून हसून दोघींच्या पोटात दुखलं. आमच्या खेळाची सुरुवात ती अशी. पुढे आमचे नवरे निवृत्त झाले, मग एकापाठोपाठ गेले, आणि क्लबानं मोठ्या मनानं आम्हां दोघींना सभासद करून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी दव असताना आम्ही दोघी मैदानावर. तिच्याशिवाय मी चेंडू मारल्याची एक सकाळ मला आठवत नाही.

खेळाशी संबंध नसलेली पाहुणेमंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगते. एक म्हणजे, काठीचा जो दांडा असतो, ज्याला हे लोक शाफ्ट म्हणतात, तो स्टीलचा असतो नाहीतर ग्रॅफाइटचा. स्टील जड. चेंडू जरा चुकीचा लागला, त्यात सकाळचा गारठा असला, की हातापासून कोपरापर्यंत अशा झिणझिण्या येतात की माणसाला आई आठवते. ग्रॅफाइट हलकं. ते धक्का पोटात घेतं, हातापर्यंत येऊ देत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्यात पाळीचा एक नियम आहे. ज्याचा चेंडू भोकापासून लांब, त्याने आधी मारायचं. जवळच्याने थांबायचं. हे दुसरं लक्षात ठेवा, मला शेवटी लागणार आहे.

आता जाऊबाईंच्या सचोटीबद्दल. मला लिहिता येत नाही, म्हणून माझे फटकेसुद्धा कार्डावर त्याच लिहायच्या. मी "सात" म्हटलं की त्या सात लिहायच्या. मी "सहा" म्हटलं की त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या, आणि सातच लिहायच्या. इतकी सच्ची बाई! माझं सगळं लिखाण मी डोळे मिटून तिच्या हातात दिलं होतं. यात हसण्यासारखं काय आहे, प्रशिक्षक साहेब? तुमच्याकडेच येतेय मी.

याच प्रशिक्षक साहेबांनी एकदा आम्हां दोघींना थांबवून सांगितलं होतं, "आता वय झालं, ग्रॅफाइट घ्या. मनगटं वाचतील." धाकटीनं काय उत्तर दिलं, आठवतंय का? ती म्हणाली, "वय आमचं झालंय साहेब, मनगटांचं नाही!" तेव्हाही हे असेच हसले होते. घरी जाताना मात्र ती रस्त्यात थांबली आणि मला म्हणाली, "वहिनी, कधी बदलायची वेळ आली ना, तर दोघींनी एकदम बदलायचं. एकीनं आधी नाही."

म्हटलं, "बरं बाई."

"बरं नको. हात द्या."

मी हात दिला. सकाळच्या झिणझिण्या अजून उतरल्या नव्हत्या, माझ्याही आणि तिच्याही. दोन झिणझिणते हात एकमेकांत. मला वाटलं, लग्नातसुद्धा इतकं पक्कं काही ठरलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस ती मैदानावर आली नाही. म्हणाली, सर्दी झालीय. सर्दी बरी करून आली ती नव्या दांड्यांसह. चंदेरी, चकचकीत. माझ्या दांड्यांना कसे ठिकठिकाणी कंगोरे आहेत, उसाच्या पेरांसारखे. हिचे आपले सरळसोट, गुळगुळीत.

मी विचारलं, "अगं, याची पेरं कुठे गेली?"

"नवीन स्टील आहे, वहिनी. नव्या स्टीलला पेरं नसतात."

नसतील बाई. माणसांचीही कंबर हल्ली पूर्वीसारखी नसते. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पण मग गमतीच सुरू झाल्या. आमचे चेंडू कायम शेजारी शेजारी पडायचे, जावाजावांसारखे. आता हिचा चेंडू पुढे, माझा मागे. लांब मी, म्हणून पाळी कायम आधी माझी. माझा फटका चुकला की मी काखेत हात दाबून कण्हायची. मग हिचा फटका. तो चुको की बरोबर येवो, ही न विसरता "आई गं!" म्हणून हातावर फुंकर घालायची. एकदा चेंडू असा सुरेख उडाला की मी टाळी वाजवायला हात वर केले, आणि या म्हणतात, "आई गं, मेले!" मी म्हटलं, "अगं, चांगला गेलाय!" तर म्हणे, "चांगला गेला म्हणूनच जास्त दुखलं." मंडळी, दुखण्याचं असं शास्त्र तुम्ही कधी ऐकलंय का? मी ऐकलं, आणि घरी जाऊन सुनेलाही सांगितलं. सून तोंड फिरवून भांडी लावायला लागली. तिच्या त्या पाठीचा अर्थ मला आत्ता कळतोय.

याच काळात माझं कोपर गेलं. डॉक्टर म्हणाले, स्टील सोडा. मी म्हटलं, "सोडता येत नाही. दोघींचं ठरलंय." ते म्हणाले, "आजी, कोपर तुमचं एकटीचं आहे." मी त्यांना पट्टा बांधून द्यायला सांगितलं. रात्री उशाशी हात कुठे ठेवावा ते कळत नसे. शेवटी एका सकाळी धीर करून मी हिला विचारलं, "काय गं, बदलूया का आता दोघी?"

जाऊबाई, आता खाली बघू नका. इतका वेळ छान हसत होता.

हिनं काय म्हणावं? हिनं माझ्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "एवढ्यात दमलात का, वहिनी?"

मी दमले नाही. पुढे दोन हिवाळे मी दमले नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. गाव सोडून मुलाकडे जायचं हिचं तेव्हा ठरलं होतं. शेवटच्या भोकापाशी ही पाणी प्यायला गेली. काठी तिथेच हिरवळीच्या कडेला टाकून. माझ्याजवळ चेंडूची जागा दाखवायची खुणेची टिकली असते. खाली लोहचुंबक आहे तिला. हरवू नये म्हणून मी ती हाताशी असलेल्या काठीच्या दांड्याला चिकटवते. हिचीच काठी हाताशी होती. चिकटवली. टिकली घसरली आणि गवतात पडली. म्हटलं, दव असेल. दांडा पदराने पुसला, पुन्हा लावली. पुन्हा गवतात. म्हटलं, चुंबक म्हातारा झाला, आपल्याबरोबरच. माझ्या दांड्याला लावून पाहिली, तर टक्! अशी बसली की काढायला नख घालावं लागलं. पुन्हा हिच्या दांड्याला. गवतात.

ही पाणी पिऊन आली. मी टिकली कनवटीला लावली. पाळी माझी होती, मी मारला.

दुपारी मी काठ्यांना दांडे बसवून देणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात गेले. ते बघा तिसऱ्या रांगेत बसलेत, पंख्याखाली बसूनही ज्यांना घाम फुटलाय ते. मी विचारलं, "धाकटीचे दांडे कशाचे हो?" ते म्हणाले, "ग्रॅफाइटचे की. वरच लिहिलंय." म्हणाले, आणि मग त्यांनी असा चेहरा केला, जणू गरम डांबर तोंडात गेलं. मग बसून सगळं सांगितलं. हिचं मनगट सुजलं होतं. सर्दी वगैरे काही नव्हती. हिनंच चंदेरी रंगाचे मागवून घेतले आणि बजावलं, "वहिनींना कळू देऊ नका, त्या हसतील."

हसले असते! अगं, कडकडून हसले असते. महिनाभर तुला छळलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी याच मिस्त्रींच्या दारात माझ्या काठ्या घेऊन तुझ्या शेजारी उभी राहिले असते.

पण मंडळी, मला लागलं ते हे नाही. मी नातीला घेऊन हिच्या पिशवीपाशी गेले. म्हटलं, वाच. तिनं वाचलं. मुठीच्या खाली, ठळक अक्षरात, लपवलेलं नाही, पुसलेलं नाही, चिकटपट्टी लावून झाकलेलंसुद्धा नाही. ग्रॅफाइट. रंग चंदेरी निवडला, कारण मला रंग दिसतो. अक्षरं तशीच ठेवली. अक्षरं कशाला झाकायची? जिच्यापासून लपवायचं, तिला ती कुठे वाचता येतात? दोन वर्षं तो दांडा माझ्या नाकासमोर होता, आणि ज्या हातावर विसंबून मी कधी अक्षर शिकले नाही, त्याच हातात होता.

या सभागृहात ज्याला ज्याला वाचता येतं, त्याला हे ठाऊक होतं. सचिव साहेब, तुम्हालाही. सूनबाई, तुलाही. कुणी एकानं मला सांगितलं असतं, तर आज तुमचा बराच वेळ वाचला असता.

असो. क्लबानं ठरवलं की जाऊबाईंना निरोपाची भेट म्हणून नवा संच द्यायचा, आणि दांडे कुठले घालायचे ते मी निवडायचं. समितीला वाटलं, माझा मान होईल. मिस्त्रींनी दोन्ही दांडे माझ्यासमोर ठेवले. खरं सांगू का? माझा हात आधी स्टीलवर गेला. मनात आलं, घे. तिकडे परक्या मैदानावर, थंडीच्या सकाळी, खरंखुरं "आई गं" म्हणू दे एकदा. शेजारी कुणी नसेल तेव्हा. कितीतरी वेळ तो दांडा हातात धरून बसले होते. मग तिचं ते मनगट आठवलं. काय करणार? चेंडू धुताना त्याच मनगटांनी माझ्या वाटणीच्या टोपल्यासुद्धा उचलल्या होत्या, माझा धाकटा पोटात असताना.

तेव्हा त्या टेबलामागे संच आहे, तो ग्रॅफाइटचा आहे. काळा कुळकुळीत. मिस्त्री म्हणाले, चंदेरीही आहेत. म्हटलं, चंदेरी नको, बघून झालेत.

आणि माझ्या काठ्या? त्या मिस्त्रींच्या दुकानात आहेत, अजून स्टीलच्याच. त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचेही लगेच बदलू का?" म्हटलं, थांबा. आमचं दोघींनी एकदम बदलायचं ठरलंय, आणि दुसरीनं अजून मला सांगितलेलं नाही की ती बदलतेय.

आता आवरतं घेते, नाहीतर सचिव साहेबांच्या घड्याळाचे काटे झिजतील. क्लबाचे आभार, की चेंडू धुणाऱ्या एका बाईसाठी आज हे सभागृह भरलं. अध्यक्षांचे आभार, की त्यांनी मला मधेच थांबवलं नाही. नातीचे आभार, तिनं एकही शब्द गाळला नाही. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल तर मंचानं आणि सभेनं मोठ्या मनानं पोटात घ्यावं, ग्रॅफाइटसारखं. तुमची सगळ्यांची मी मनापासून माफी मागते. धाकटीची मात्र मागत नाही. तिथे आमचा पाळीचा नियम आहे, मघाशी सांगितला तोच.

दोन वर्षं लांब मी होते, म्हणून आधी मी मारत आले. आता लांब तू चाललीस. ये, हा माईक घे. मी इथे काठी टेकून उभी आहे.