दोन गाड्यांच्या मधात

प्रीती : चहा ठेवा खाली. इकडं माह्याकडं पाहा अन् सांगा, अंकुशभाऊ ओरडले होते का नाही?

रोशन : काय म्हणते? या धंतोलीत, रस्त्याच्या टपरीवर, हॉर्नच्या मारे काही समजते का?

प्रीती : मी तुमच्या चांगल्या कानाशी बसून बोलून राहिली. समजलं तुम्हाले.

रोशन : चांगल्या कानाशी म्हणजे?

प्रीती : म्हणजे उजव्या. बोला आता.

रोशन : तू डबा द्यायले आली ना दवाखान्यात? दे डबा अन् चाल घरी.

प्रीती : डबा देऊन आली. वर अंकुशभाऊची तारा भेटली. नवऱ्याच्या पायात सळई टाकली, त्याचं नाही रडून राहिली ती. म्हणते, गोदामाचा मॅनेजर कागद बनवून राहिला. त्यात लिहिते, अंकुश फोनवर होता, ओरडलाच नाही, चूक त्याचीच. अन् पुढं काय म्हणते माहीत आहे? रोशनभाऊनं बी तेच सांगतलं, मी काही ऐकलं नाही म्हणून. माह्या तोंडावर म्हणाली बाई. मले खाली पाहा लागलं.

रोशन : वाडीच्या गोदामात काय कल्ला राहते, तुले नाही माहीत. इंजिन, हॉर्न, हमालांची बोंबाबोंब. नाही ऐकू येत एखाद्याले.

प्रीती : एखाद्याचं नोका सांगू. तुमचं सांगा. मी आंधळी नाही अवो. रस्त्यानं चालताना तुम्ही मले उजवीकडं घेता. भाची सोनिकाच्या लग्नात पंगतीत सारे हसले की तुम्ही हसत होते, एक घडी उशिरा. आई सांगते ना, कापड विणायच्या मागाच्या शेडमधी खटखट इतकी राहे की सारे कोष्टी एकमेकाचं तोंड पाहूनच बोलत. तुम्ही बी आता तसंच करता. मी भाकरी टाकताना तोंड फिरवलं, की तुमचं उत्तर बंद.

रोशन : कधीपासून माहीत आहे तुले?

प्रीती : दिवाळीपासून. वाट पाहत होती, आज सांगतीन, उद्या सांगतीन.

रोशन : एका सकाळी उठलो तं डाव्या कानात शिट्टी वाजून राहिली होती. वाटलं, मळ असन. तेल टाकलं. दोन महिन्यांनी डॉक्टरकडं गेलो. तो म्हणे, आठ दिवसांत आला असता तं काही करता आलं असतं, आता नस गेली.

प्रीती : एकटेच गेले?

रोशन : एकटाच गेलो वं. अन् घरी आलो तं तू वांग्याची भाजी केली होती. जेवलो अन् झोपलो.

प्रीती : बाप्पा! अन् दुसऱ्या दिवशी गोदामात पुन्हा ट्रक मागं घ्यायले उभे राहिले?

रोशन : तं काय करू? गाडी लावणाऱ्याचा सारा धंदाच कानावर. गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली की ड्रायव्हर मागं घेते, दोन मारल्या की थांबते. पण थाप मारायची कवा, ते मागचा माणूस ओरडून सांगते. एका कानाचा माणूस तिथं कोण ठेवते? अन् एक कान तं आहे ना, म्हटलं. घरात ऐकू येते, फोनवर येते. चालून जाईन.

प्रीती : मंग काल काय झालं?

रोशन : काल दोन गाड्या संगंच मागं येत होत्या. एक माह्या डाव्या हाताले, एक उजव्या. मी मधात. अंकुश डावीच्या मागं, माल उतरवायच्या फलाटापाशी.

प्रीती : अन् ते ओरडले.

रोशन : ओरडला. 'रोक, रोक.' साफ ऐकलं मी.

प्रीती : मंग रोकली काहून नाही?

रोशन : रोकली ना! उजवी रोकली. मले सारेच आवाज उजवीकडूनच येते वं. तू डावीकडून बोल, मांगून बोल, मले उजवीकडूनच येते. मी उजव्या गाडीवर दोन थापा हाणल्या, ती थांबली. मले वाटलं, झालं. मंग अंकुशची किंकाळी आली, अन् ती बी उजवीकडूनच आली. मी अजून उजवीकडंच पाहून राहिलो होतो, अन् तो माह्या पाठीमागं दबून होता.

प्रीती : कान गेला ते तुमच्या हातात नव्हतं. पण 'ऐकलं नाही' हे तुम्ही तोंडानं म्हटलं. अंकुशभाऊ तुमचाच माणूस आहे ना?

रोशन : मॅनेजर म्हणे, ऐकलं का. मी ऐकलं म्हटलं असतं, तं पुढचा सवाल काय राहिला असता? मंग डावी काहून नाही रोकली? माह्याजवळ जवाब नव्हता. होता, पण तो देला की मी घरी.

प्रीती : अन् नाही देला, तं ते घरी. मोडक्या पायानं अन् खोटे ठरून. चला वर.

रोशन : आत्ता?

प्रीती : भेटायची वेळ संपते. मी दारात उभी राहते. आत तुम्ही जा.

(दवाखान्याचा दुसरा मजला. सहा खाटांचा वॉर्ड, भेटायला आलेल्यांची गर्दी. अंकुशचा डावा पाय प्लास्टरमध्ये.)

अंकुश : आला का राजा! पाय पाहा माहा, सिमेंट कंपनीची जाहिरात करून टाकली यायनं. बस ना बे, उभा काहून?

रोशन : दुखते का?

अंकुश : दुखते, पण त्याची गोळी देते. दुसऱ्या गोष्टीची गोळी नाही यायच्याजवळ. एक विचारू? सही सांगशील?

रोशन : विचार.

अंकुश : मी ओरडलो होतो ना? नाही, सारेच म्हणून राहिले, नाही ओरडला. मॅनेजर म्हणते, फोनवर होता. फोन तं माह्या डब्याच्या पिशवीत होता यार! पण रात्रभर पडल्या पडल्या विचार केला, तं आता मलेच वाटून राहिलं, मी मनातल्या मनात ओरडलो असन. भेलो, तोंडातून आवाजच नसन निघाला. तारा विचारते तं मी बी आता 'पक्कं नाही' म्हणतो. तू तिथंच होता. तू नाही ऐकलं, म्हणजे मी...

रोशन : थांब. मी त्या बाजूनं येतो.

अंकुश : काहून? स्टूल तं इकडं आहे.

रोशन : माहा डावा कान बंद आहे, अंकुश. इकडून तुहं निम्मं बोलणं बाजूच्या खाटेपाशी बसलेल्या मावशीच्या बोलण्यात मिसळून राहिलं. ...हां, आता बोल. नाही, मीच बोलतो. तू ओरडला होता. दोनदा. 'रोक, रोक.' मी ऐकलं. कोणीकडून आलं ते समजलं नाही, अन् मी दुसरी गाडी रोकली. तू मनातल्या मनात नाही ओरडला.

अंकुश : कवापासून बंद आहे?

रोशन : दिवाळीच्या आधीपासून.

अंकुश : दिवाळीपासून मी रोज तुह्या मोटरसायकलवर मागं बसून महालात घरी येतो. तुह्या डाव्या खांद्यावरून बोलत येतो सारा रस्ता. बाबा गेले तवाचं सारं तुलेच सांगतलं मी, घरी बी नाही सांगतलं. तू हो-हो म्हणत होता.

रोशन : म्हटलं असन.

अंकुश : काहीच नाही ऐकलं?

रोशन : गाडीवर काहीच नाही येत.

अंकुश : ते जाऊ दे. ते सोड. पण गाडी अन् फलाटाच्या मधात मी तुह्या भरोशावर उभा राहत होतो बे! सहा महिने! एक शब्द बोलला असता तं मी हात दाखवला असता, कपडा हलवला असता, शिट्टी घेतली असती गळ्यात. काही बी केलं असतं आपण.

रोशन : चुकलो मी.

अंकुश : चुकला नाही. चुकला तं काल, गाडी रोकताना. ते मी समजू शकतो. त्याच्यानंतर तू खोटं बोलला.

रोशन : उद्या सकाळी जाऊन सांगतो मॅनेजरले.

अंकुश : उद्या सकाळी मॅनेजरचा कागद वरच्या ऑफिसात जाते.

रोशन : अंकुश, मले काढतीन ते.

अंकुश : काढतीन, नाही तं मालाच्या बिल्ट्या लिहायले बसवतीन. मले नाही माहीत. रात्रभर मी माह्याच आवाजावर शक करून राहिलो रोशन, तू बी भोग ना थोडा त्रास. लाव फोन. आत्ता. अन् स्पीकरवर ठेव, मले बी ऐकू दे.

रोशन : ...हॅलो? साहेब, रोशन बोलून राहिलो. गाडी लावणारा रोशन. कालचं सांगायचं होतं. ...काय म्हटलं? थांबा साहेब, इथं वार्डात गर्दी आहे. जरा जोरानं बोला. मले एकाच कानानं ऐकू येते.